एचडीएल चांगलं, एलडीएल चांगलं, तरीही रिपोर्ट वाईट: जास्त दारू रक्तातल्या चरबीचं काय करते?

समजा, पंचेचाळिशीतल्या एका गृहस्थांचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला आहे. एकूण कोलेस्टेरॉल १९८. एचडीएल, म्हणजे सगळे ज्याला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात ते, ५६. एलडीएल, 'वाईट' म्हणून बदनाम असलेलं, अवघं ६६. सगळं मर्यादेत. फक्त एका ओळीपुढे ठळक अक्षरात आकडा आहे: ट्रायग्लिसराइड ३८०.

घरात त्यावर जी चर्चा होते ती ठरलेली. कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे ना, मग झालं. तेलकट थोडं कमी करू. हे गृहस्थ रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेतात हा विषय निघालाच, तर ते रिपोर्टवरच बोट ठेवतात: "एचडीएल बघ, ५६ आहे. थोडी घेतली तर हृदयाला चांगलीच असते."

गंमत अशी, की वाढलेलं ट्रायग्लिसराइड, वर गेलेलं एचडीएल आणि खाली दिसणारं एलडीएल, या तिन्ही गोष्टी त्या क्वार्टरमुळेच झालेल्या असू शकतात. म्हणजे ज्या ओळी पाहून माणूस निश्चिंत होतो त्या ओळीही दारूनेच लिहिलेल्या असतात. हे कसं घडतं ते नीट समजून घेऊ.

क्वार्टर म्हणजे नेमकी किती?

आपल्याकडे दारू पेगमध्ये, क्वार्टरमध्ये, खंब्यात मोजली जाते आणि 'मी काही फार घेत नाही' या वाक्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. म्हणून ग्रॅममध्ये मोजू. व्हिस्की, रम, ब्रँडीच्या भारतीय बाटल्यांवर सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असं छापलेलं असतं. क्वार्टर १८० मिलीची. त्यात शुद्ध अल्कोहोल ७७ मिली. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वजनात ते भरतं सुमारे ६१ ग्रॅम. याच हिशेबाने ६० मिलीचा मोठा पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम. आपण फक्त बिअर घेतो म्हणून सुटलो, असं कुणी समजू नये. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे दोन मोठे पेग.

जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेण्याला अतिमद्यपान धरते. आपले गृहस्थ ती रेषा रोज ओलांडतात आणि स्वतःला 'लिमिटमध्ये पिणारा' म्हणवतात.

अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात. साखरेत ४, तुपात ९. म्हणजे क्वार्टरच्या सव्वाचारशे कॅलरी झाल्या, चकणा वेगळा. पण कॅलरी हा मुद्दा अर्धाच आहे. खरा घोटाळा लिव्हरमध्ये होतो.

लिव्हरमधल्या रिकाम्या कॅन

भात किंवा भाकरी जास्त झाली तर शरीर ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवू शकतं. अल्कोहोल साठवण्याची सोय शरीरात नाही. ते विषारी आहे, त्यामुळे आधी त्याचा निकाल लावणं भाग असतं आणि हे काम मुख्यतः लिव्हर करतं. वेग ठरलेला असतो: साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो वाढत नाही. रात्री नऊला घेतलेल्या क्वार्टरचा निकाल लागायला पहाटेचे तीन ते सहा वाजतात.

या कामात लिव्हरला एनएडी नावाचा एक रेणू लागतो. दूध संकलन केंद्रावरच्या रिकाम्या कॅनसारखा तो समजा. अल्कोहोलपासून आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग अ‍ॅसिटेट बनतं आणि या दोन्ही पायऱ्यांवर एकेक कॅन भरते. आता अडचण अशी, की चरबी जाळण्यासाठीही याच रिकाम्या कॅन लागतात. रात्रभर सगळ्या कॅन दारूनेच भरल्या, तर चरबी रांगेत उभी राहते. जळायची ती जळत नाही. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हे माणसांवरच मोजलं. आहारात अल्कोहोल आल्यावर त्या चोवीस तासांत शरीराने जाळलेल्या चरबीत सुमारे एक तृतीयांश घट झाली होती.

न जळलेल्या चरबीचं लिव्हर काय करतं? तीन फॅटी आम्लं आणि एक ग्लिसरॉल यांची मोळी बांधतं. ही मोळी म्हणजेच ट्रायग्लिसराइड. दारूमुळे ग्लिसरॉलचा कच्चा मालही जास्त तयार होतो आणि नवी चरबी बनवणारी यंत्रणाही जोर धरते. म्हणजे जुनी जळत नाही आणि नवी बनत राहते.

यातली काही चरबी लिव्हरमध्येच साठते. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' दिसतं ते हेच. बाकीची लिव्हर रक्तात पाठवून देतं. चरबी पाण्यात विरघळत नसल्याने तिला रक्तातून न्यायला वाहन लागतं. प्रथिनांचं आवरण असलेल्या या वाहनाला व्हीएलडीएल म्हणतात. ट्रायग्लिसराइडने गच्च भरलेला टँकरच तो. रिपोर्टमधला ३८० हा आकडा मुख्यतः या टँकरांची गर्दी सांगतो.

आता चकण्याचा भाग. तळलेले शेंगदाणे, चिकन लॉलीपॉप, भजी यांतली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या दुसऱ्या वाहनांतून रक्तात येते. दोन्ही प्रकारची वाहनं रिकामी करणारं एन्झाइम मात्र एकच आहे, लायपोप्रोटीन लायपेज. लिव्हरचे टँकर आणि आतड्याची वाहनं एकाच वेळी एकाच नाक्यावर येतात, त्यातच दारूच्या अमलाखाली या एन्झाइमचं कामही मंदावतं. म्हणून तळलेल्या खाण्यासोबत घेतलेल्या दारूने चढणारं ट्रायग्लिसराइड हे नुसत्या खाण्याने किंवा नुसत्या दारूने चढणाऱ्यापेक्षा बरंच जास्त असतं.

"नीट खाऊन पिऊन असलं की दारू बाधत नाही" हा समज आपल्याकडे फार जुना आहे, आणि एकेकाळी वैद्यकशास्त्राचाही तोच समज होता. दारुड्यांचं लिव्हर कुपोषणामुळे खराब होतं असं मानलं जायचं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांनी १९६० च्या दशकात स्वयंसेवकांना पुरेसा, प्रथिनयुक्त आहार देऊन सोबत अल्कोहोल दिलं, तरी त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठलीच. हे अनेकांना कळून साठ वर्षं झाली, तरी अंडी-मटणाचं कवच घालून पिणारे कमी झालेले नाहीत.

मग एचडीएल का वाढतं?

दारूने एचडीएल वाढतं ही अफवा नाही. १९९९ मध्ये बीएमजे या नियतकालिकात आलेल्या एका विश्लेषणानुसार रोज ३० ग्रॅम अल्कोहोलने एचडीएल सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढतं. त्याच विश्लेषणात ट्रायग्लिसराइडही सुमारे ६ मिलिग्रॅमने वाढलेलं होतं, पण ती ओळ पार्टीत कुणी उद्धृत करत नाही.

एचडीएल रक्तवाहिन्यांतलं जादा कोलेस्टेरॉल गोळा करून नेतं, म्हणून ते जितकं जास्त तितकं हृदय सुरक्षित, असा तर्क होता. १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'फ्रेंच पॅरडॉक्स' गाजला: फ्रेंच लोक लोणी-चीज खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, आणि श्रेय रेड वाइनचं. तिथून 'थोडी घेतलेली चांगली' हे वाक्य जगभर पसरलं आणि आपल्याकडे येईपर्यंत त्यातली वाइन गळून पडून रम आली, 'थोडी'ही गळून पडली.

पुढे त्या तर्कालाच तडे गेले. टॉरसेट्रॅपिब नावाचं एक औषध एचडीएल तब्बल ७० टक्क्यांच्या आसपास वाढवायचं. डिसेंबर २००६ मध्ये त्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले. २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की जन्मतःच ज्यांचं एचडीएल एका विशिष्ट जनुकीय फरकामुळे जास्त असतं, त्यांना हृदयविकाराचा झटका कमी येतो असं काही नाही. थोडक्यात, एचडीएलचा आकडा ही एक खूण आहे. खूण रंगवून वर नेली म्हणून धमन्या स्वच्छ होत नाहीत. दारू हा आकडा वर नेते, पण सोबत रक्तदाब वाढवते, हृदयाचे ठोके अनियमित करू शकते, आणि वर्षानुवर्षं भरपूर घेतली तर हृदयाचा स्नायूही कमकुवत करते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं, की आरोग्याच्या दृष्टीने दारूची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही.

आणि ते एलडीएल ६६?

इथे थोडं गणित आहे, पण कामाचं आहे. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. १९७२ पासून वापरात असलेलं फ्रीडवाल्ड यांचं सूत्र असं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, आणि ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून येणारा आकडाही वजा करा. आपल्या गृहस्थांचे १९८ वजा ५६ वजा ७६, बरोबर ६६. म्हणजे ट्रायग्लिसराइड जितकं जास्त तितकं एलडीएल कागदावर कमी. ४०० च्या वर तर हे सूत्र वापरूच नये असा नियम आहे, आणि ३८० म्हणजे उंबरठ्यावरच. तिथे एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दिसण्याची शक्यता बरीच असते.

अशा रिपोर्टमध्ये एक साधी वजाबाकी जास्त उपयोगी पडते: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमन्यांच्या भिंतीत जाऊन बसू शकतील अशा सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल त्यात येतं, व्हीएलडीएलचंही. इथे ते १४२ येतं. १३० च्या आत असावं ही सर्वसाधारण अपेक्षा, आणि मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर त्याहूनही कमी. रिपोर्ट तोच, पण आता तो 'नॉर्मल' राहिला नाही.

याहून मोठा चकवा पुढे असतो. वर्षानुवर्षं पिऊन लिव्हरचा सिरॉसिस झाला, की कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही खाली येऊ लागतात. कारण चरबी आणि तिची वाहनं बनवणारा कारखानाच बंद पडत चाललेला असतो. जुन्या पिणाऱ्याचा लिपिड प्रोफाइल काहीही न बदलता अचानक सुधारला, तर पेढे वाटण्याआधी लिव्हरच्या तपासण्या करून घ्याव्यात.

भारतीयांचा सूर आधीच वेगळा

आयसीएमआर-इंडियाब या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या प्रौढांच्या रक्तातली चरबी तपासली गेली. २०१४ मध्ये आलेल्या या निष्कर्षांत जवळपास ३० टक्के लोकांचं ट्रायग्लिसराइड जास्त होतं आणि ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी. एलडीएल जास्त असणारे १२ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे आपली अडचण मुळात ट्रायग्लिसराइडच्या बाजूची आहे. पोटाचा घेर, भात-पोळी-साखरेवर भर आणि मधुमेहाकडे असलेला कल हे त्यामागे आहेत. दारू नेमकी याच दुखऱ्या बाजूवर वजन टाकते.

तरीही एकाच टेबलावर बसणाऱ्या चार मित्रांपैकी एकाचं ट्रायग्लिसराइड १६० राहतं आणि दुसऱ्याचं ९०० होतं. काहींच्या शरीरात ते नाक्यावरचं एन्झाइम जन्मतःच थोडं मंद असतं. एरवी ते जाणवत नाही. त्यावर अनियंत्रित मधुमेह, वाढलेलं वजन किंवा थायरॉइडची कमतरता आली आणि वरून दारू आली, की आकडा उडी मारतो. म्हणून 'तो माझ्या दुप्पट पितो, त्याला काही नाही' हा पुरावा होत नाही.

९०० चा आकडा का गंभीर?

१५० च्या आत सामान्य, २०० च्या पुढे जास्त, ५०० च्या पुढे अतिजास्त. ५०० पर्यंतचा धोका मुख्यतः हळूहळू होणारा, धमन्यांचा. त्यापुढे एक वेगळाच, तातडीचा धोका सुरू होतो: स्वादुपिंडाची तीव्र सूज. हजारच्या वर तो ठळक होतो.

एवढी चरबी असलेलं रक्त परीक्षानळीत काही वेळ ठेवलं, की वर येणारा द्रव पिवळसर पारदर्शक नसतो, दुधासारखा पांढरा दिसतो. लॅबचे लोक असे नमुने ओळखतात. काहींच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, नितंबांवर पिवळट बारीक पुळ्या येतात. स्वादुपिंडात या चरबीचे तुकडे होऊन सुटी फॅटी आम्लं बाहेर पडतात आणि तिथल्या पेशींनाच भाजतात. दारू स्वादुपिंडाला स्वतंत्रपणेही इजा करते, त्यामुळे इथे दोन कारणं एकाच अवयवावर चालून येतात.

याचं दुखणं ओळखीचं असलेलं बरं. पोटाच्या वरच्या भागात अचानक सुरू होणारी, पाठीत जाणारी, पुढे वाकून बसल्यावर किंचित बरी वाटणारी जोरदार कळ आणि थांबत नसलेल्या उलट्या. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी हे झालं, की घरात 'अ‍ॅसिडिटी झाली' म्हणून गोळी आणि थंड दूध दिलं जातं आणि त्यात महत्त्वाचे तास जातात. असं दुखलं तर थेट रुग्णालयात जावं आणि दारू घेतल्याचं तिथे लपवू नये. रक्तात चरबी फार असली, तर स्वादुपिंडाची एक नेहमीची तपासणी, अमायलेज, चुकून नॉर्मल येऊ शकते. आधीचा ट्रायग्लिसराइडचा रिपोर्ट सोबत असला तर डॉक्टरांना दिशा लवकर मिळते.

याच कुळातला एक दुर्मीळ प्रकारही आहे. अतिमद्यपानानंतर कावीळ, रक्तातल्या चरबीची वाढ आणि तांबड्या पेशी फुटून होणारा रक्तक्षय हे तिन्ही एकत्र दिसतात. अमेरिकेतले डॉक्टर लेस्ली झीव यांनी १९५८ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

श्रावणातला रिपोर्ट

चांगली बातमी ही, की रक्तातल्या चरबीच्या इतर कारणांच्या मानाने हे कारण फार लवकर मागे फिरतं. दारू थांबली की ट्रायग्लिसराइड काही दिवसांतच उतरू लागतं आणि दोन-चार आठवड्यांत मोठी घसरण दिसते. त्यामुळे गटारीच्या दुसऱ्या दिवशी केलेला लिपिड प्रोफाइल आणि श्रावण पाळून महिनाअखेरीस केलेला लिपिड प्रोफाइल एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसणार नाही, इतका फरक पडू शकतो.

यात एक पळवाटही आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीआधी आठवडाभर बाटली बंद ठेवायची, रिपोर्ट चांगला आणायचा आणि त्याच संध्याकाळी तो साजरा करायचा. तपासणी खरी हवी असेल तर नेहमीसारखं राहून, फक्त आदल्या दोन-तीन दिवसांत दारू आली का हे डॉक्टरांना सांगावं. नुसतं दहा-बारा तास उपाशी राहिल्याने रात्रीच्या क्वार्टरचा परिणाम पुसला जात नाही. आणि 'अधूनमधून' न म्हणता मिलीत सांगावं.

दारू सोडल्यानंतरचा पहिला रिपोर्ट काहींना गोंधळात टाकतो. ट्रायग्लिसराइड ३८० वरून १७० वर येतं, पण एचडीएलही घटतं आणि एलडीएल थोडं वाढलेलं दिसतं. 'सोडल्यावर तर कोलेस्टेरॉल बिघडलं' असं म्हणून पुन्हा सुरू करायला हे निमित्त पुरतं. प्रत्यक्षात दारूने फुगवलेलं एचडीएल आपल्या मूळ जागी आलेलं असतं आणि एलडीएलचा खरा आकडा आता कुठे दिसू लागलेला असतो. तो जास्त असेल तर त्यावर स्टॅटिनसारखी उत्तम औषधं आहेत. उलट पिणं चालू ठेवून ट्रायग्लिसराइडसाठी फिब्रेटच्या गोळ्या घेणं म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणं.

एकदम सोडावी का?

श्रावणात महिनाभर सहज थांबणारा माणूस आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी हात कापू लागणारा माणूस, यांना एकच सल्ला देता येत नाही. रोज भरपूर पिण्याची अनेक वर्षांची सवय असेल तर अचानक थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप आणि प्रचंड अस्वस्थता सुरू होऊ शकते. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. सकाळी उठल्यावर हात थरथरणं, घाम येणं, एक घोट घेतल्यावरच बरं वाटणं, पूर्वी कधी सोडताना फिट आलेली असणं, यांतलं काहीही असेल तर घरच्या घरी, शपथ घालून सोडवायला जाऊ नये. डॉक्टर काही दिवसांच्या औषधांनी आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी हा काळ सुरक्षितपणे पार करून देतात.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करत आहे आणि जिल्हा रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागातही याची मदत मिळते. जाताना लिपिड प्रोफाइल, लिव्हरच्या तपासण्या आणि साखरेचा रिपोर्ट सोबत न्यावा, आणि शेवटची दारू कधी व किती घेतली ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. पहिला प्रश्न सहसा तोच असतो.